तळाची डाळ

डॉक्टरीणबाईंनी माझ्या बायकोच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. मी मनात आकडे मोजले. वीसपर्यंत गेलो तरी तो पुरता भरून आला नव्हता. भिजवलेल्या कणकेत बोट रुतवावं तसा तो दिसत होता, आणि खरं सांगायचं तर मला किळस आली. ते पाय रोज माझ्या डोळ्यांसमोर घरभर फिरत होते. त्यांना सूज आहे हे मला दवाखान्यात कळलं.

आम्ही गेलो होतो दुसऱ्याच कामाला. तिच्या गर्भपिशवीत गाठी होत्या. तीन वर्षांपासून दर महिन्याला नको इतकं रक्त जात होतं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, शेवटी पिशवी काढायचं ठरलं. त्या दिवशी यवतमाळला फक्त तारीख घ्यायला गेलो होतो. मी सुट्टीची बेरीजसुद्धा करून ठेवली होती: चार दिवस दवाखाना, सहा दिवस घर.

बाईंनी तारीख दिली नाही. मूत्रपिंड ठीक आहे, यकृत ठीक आहे, रक्त कमी आहे पण ते भरता येईल, असं त्या म्हणाल्या. अडलं होतं ते रक्तातल्या अल्ब्युमिनवर. ते साडेतीनच्या आसपास तरी हवं. हिचं दोन पॉइंट सहा होतं.

"हे प्रोटीन आहे," बाई म्हणाल्या. "जखम याच्यावर भरते. आज पोट उघडलं तर टाके धरणार नाहीत, आतून पाणी सुटेल, पू होईल. मी हात लावणार नाही. काय काय खातात या?"

उत्तर मी दिलं. "सगळं खाते, मॅडम. वरण, भात, पोळी, भाजी. डाळीची तर आमच्याकडे कमी नाही, मी दालमिलमध्येच आहे."

बायको भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे पाहत होती.

बाईंनी कागदावर लिहिलं: रोज साठ ग्रॅम प्रोटीन, सहा आठवडे. बायकोचं वजन शेहेचाळीस किलो. किलोमागे एक ग्रॅम हा धडधाकट माणसाचा ढोबळ हिशेब, हिला भरून काढायचं आहे म्हणून साठ, असं त्यांनी समजावलं. आणि फार उशीर चालणार नाही, कारण रक्त दर महिन्याला जातच राहणार. म्हणजे थांबलो तर रक्त जाणार आणि घाई केली तर टाके उसवणार. मधली वाट फक्त जेवणातून जात होती.

आकडा हातात आला की मला धीर येतो. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका दालमिलमध्ये मी बावीस वर्षं वजनाचं काम पाहतो. क्विंटलभर तूर यंत्रात गेली की डाळ किती निघाली, चुनी म्हणजे भरडताना पडणारा चुरा किती, टरफल किती, घट किती, हे रोज संध्याकाळी माझ्या सहीनं कागदावर जातं. घट नेहमीपेक्षा जास्त दिसली तर ती कुठे गेली हे सापडेपर्यंत मी घरी जात नाही. त्यामुळे साठ ग्रॅम हा मला मोठा प्रश्न वाटला नाही.

आधी घरात डबे आले. ऑपरेशन लांबल्याची बातमी नात्यात पसरली आणि भेटायला येणारी प्रत्येक बाई बिस्किटांचा पुडा नाही तर शक्तीच्या पावडरीचा डबा घेऊन आली. "हे दे व तिले, माह्या नंदेले यानंच ताकद आली." मी चष्मा लावून डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली. निम्म्याहून जास्त साखर आणि साखरेचेच भाऊबंद. प्रोटीन इतकं, की साठ ग्रॅमसाठी हिला रोज जवळपास अख्खा डबा खावा लागला असता. एकदा ती पावडर गरम दुधात ढवळून मी चाखून पाहिली. जळक्या साखरेचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. आजारी माणसाच्या घरी लोक हे घेऊन येतात, आणि वर चित्रात हसणारी आई असते. मी ते सगळे डबे कपाटावर उलटे करून ठेवले, चित्र दिसू नये म्हणून.

माझ्या मुलाचा डबा वेगळा होता. तो एकवीस वर्षांचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, आणि दोन वर्षांपासून जिमला जातो. त्याच्या डब्यावर दंड फुगवलेला उघडा माणूस. प्रोटीन मात्र त्यात भरपूर, हे मी वाचून मान्य केलं. तो रोज एकशे दहा ग्रॅम मोजून घेतो. सकाळी त्याला चार उकडलेली अंडी लागतात, त्यातलं पांढरं तो खातो आणि पिवळं ताटात ठेवून जातो. ते पिवळे बलक बायको शेजारच्या मांजरीला घालायची.

"पप्पा, आईले माह्यातला एक स्कूप देऊ का?" त्यानं विचारलं. "डाळीत कार्ब्सच जास्त राह्यते."

"तुह्या आजाले डाळीवरच दंड आले होते," मी म्हणालो.

"आजाचा फोटो पाह्यला मी. काडी होता."

पोरगा वाईट नाही. पण बायकोनं त्या पावडरीचा वास घेतला आणि तोंडावर पदर धरला. मग मी ठरवलं, घरचंच अन्न वाढवायचं. एका रविवारी कागद घेऊन बसलो. घरात आम्ही चौघं: मी, बायको, मुलगा आणि माझी आई. रोज दोनशे ग्रॅम डाळ शिजत होती, ती चारशे केली. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत बावीस ग्रॅम प्रोटीन धरलं, म्हणजे चारशेचे अठ्ठ्याऐंशी, भागिले चार, बावीस. पोळी-भाकरीचे अठरा. भाताचे सात. शेंगदाण्याच्या चटणीचे पाच. कपभर दुधाचे सहा. एकूण अठ्ठावन्न. त्यावर एक अंडं सहा ग्रॅमचं, झाले चौसष्ट. साठ हवे होते, चार वरचढ. कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला आणि बायकोला म्हणालो, "यापरमानं चाललं पायजे."

"हाव," ती म्हणाली.

तीन आठवडे चाललं. वाण्याकडून डाळ दुप्पट आली, अंड्यांचे ट्रे आले आणि संपले. मी रोज विचारायचो, "झालं का?" ती म्हणायची, "झालं." तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. अल्ब्युमिन अडीच. म्हणजे एक दशांश खाली.

मी खिशातून कागद काढून बाईंसमोर ठेवला. त्यांनी तो नीट, वरपासून खालपर्यंत वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"कागद छान आहे. पण हे खातंय कोण?"

ऑटोतून परत येताना मी बायकोला विचारलं, "तू खात नाही का?"

"खातो ना."

"मंग?"

"खातो म्हनलं ना. आता काय पोट दाखवू?"

ऑटोवाल्यानं आरशातून आमच्याकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघरात पाट घेऊन बसलो. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. चोवीस वर्षांत स्वयंपाकघरात मी पाणी प्यायला गेलो असेन, बसलो कधीच नव्हतो. बायको म्हणाली, "तिथं काय काम हाये तुमचं?" मी म्हणालो, "पाहून राह्यलो." ती म्हणाली, "पाहा."

आमच्या घरी वरण मोठ्या गंजात शिजतं, म्हणजे तोंडाच्या रुंद पातेल्यात. ते घोटून एकजीव करत नाहीत. डाळ मऊ होऊन तळाशी बसते आणि वर पिवळं पाणी राहतं. पहिलं ताट माझं. पळी सरळ तळाशी गेली, खालून डाळ उचलून वर आली आणि माझ्या वाटीत पडली. दुसरं ताट मुलाचं, पुन्हा तळातून, आणि त्याला दोन वाट्या. मग आई. तिच्यासाठी पळी अर्ध्यावर बुडाली. आम्ही तिघं जेवलो, मी दुसऱ्यांदा वरण मागितलं, पळी तिसऱ्यांदा तळाला गेली. सगळे उठल्यावर बायको बसली. गंजाच्या बुडाशी बोटभर पाणी होतं, त्यावर जिरे आणि कोथिंबिरीचं एक पान तरंगत होतं. तिनं त्यात तांब्यातलं आणखी थोडं पाणी घातलं, गंज गोल फिरवून कडेचं सगळं खाली घेतलं, आणि ते आपल्या भातावर ओतलं. भांडं धुतल्यासारखं. धुतल्यासारखं कशाला, ते धुणंच होतं.

मिलमध्ये तुरीचं पोतं येतं तेव्हा आम्ही वरून मूठभर घेऊन भाव ठरवत नाही. परखी नावाची टोकदार नळी असते, ती पोत्यात खुपसून वरून, मधून आणि बुडातून, तिन्हीकडून दाणे काढतो. वर चांगला माल आणि बुडाशी खडे, असली लबाडी मी शेकडो वेळा पकडली आहे आणि पकडल्यावर माणसाला चारचौघांत बोललोही आहे. घरी मात्र अठ्ठ्याऐंशी भागिले चार केलं आणि सुखानं झोपलो. गंजात परखी घालायचं मला सुचलं नाही, कारण घरातला चांगला माल माझ्याच वाटीत येत होता.

तरी माझी खोड जाईना. सोमवारी मी आदल्या रात्रीच्या वरणाची एक वाटी माझ्या पहिल्या वाढपातली आणि एक वाटी तिच्या शेवटच्या वाढपातली, अशा दोन डब्यांत भरून मिलमध्ये नेल्या. नमुन्याचा ओलावा काढायची भट्टी असते, तिच्यात दोन्ही वाळवल्या. माझ्या वाटीत कोरडी डाळ अठ्ठावीस ग्रॅम निघाली. तिच्या वाटीत सहा.

बाकीचंही एकेक करून उघडं पडलं. दूध: तिच्या वाट्याचा कप मुलाच्या पावडरीत जायचा, कारण पाण्यात त्याला चव लागत नाही. अंडं: सोमवारी चालत नाही, गुरुवारी नाही, शनिवारी नाही, आणि चालतं त्या दिवशी "त्याले पाच देल्ले." उपास: सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन एकादश्या. तीस दिवसांत अकरा. त्या दिवशी साबुदाणा, ज्यात प्रोटीन नावाला नाही. माझ्या कागदावरचे चौसष्ट ग्रॅम मी पुन्हा मांडले तेव्हा बरा दिवस असला तर चौतीस भरले, उपासाच्या दिवशी बारा.

मी दोन्ही वाळलेल्या चुऱ्यांच्या पुड्या घरी आणून ओट्यावर ठेवल्या.

"हे काय मांडलं?" बायकोनं विचारलं.

"हे माह्या वाटीतलं. हे तुह्या."

तिनं दोन्हीकडे पाहिलं. "मंग? नवीन गोष्ट सांगून राह्यले का मले?"

"तुले मालूम होतं?"

"गंज मी घासतो. मले मालूम नाही तं कोनाले राहीन?"

"मंग डॉक्टरनं इचारलं तवा सांगतलं काहून नाही?"

"इचारलं मले. बोलले तुम्ही."

ती थांबली नाही.

"अन् सांगून काय केलं असतं? तुमच्या ताटात पानी वाढू देल्लं असतं? जरासं पातळ आलं का कोन म्हनते, 'काय व, मिलमंधली डाळ सपली का?' सांगा न. कोन म्हनते?"

मी म्हणतो. तो माझा विनोद होता. चोवीस वर्षं मी तो करत आलो होतो आणि दर वेळी स्वतःच हसत होतो.

"आता तोलाले बसले," ती म्हणाली. "ढोरासारखं तोलून राह्यले मले." मग मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे आमची एक गाय बांधलेली असते. "ढोराचं तरी बरं हाये. गायीनं पावशेर दूध कमी देल्लं तं तुम्ही त्याच दिवशी इचारता, 'काय झालं व हिले, चुनी खाल्ली नाही का?' चुनी तुम्ही आपल्या हातानं मापून ठेवता. अन् मले तीन साल झाले..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती. गायीला रोज दीड किलो चुनी आणि अर्धा किलो सरकीची ढेप, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये माझं कशात लक्ष नव्हतं. डाळ निवडायला आमच्याकडे सात-आठ बाया असतात. दिवसभर त्या डाळीच्या ढिगात गुडघ्यापर्यंत बसलेल्या असतात, केसांत डाळीची पिवळी धूळ. जेवणाच्या सुट्टीत मी मुद्दाम त्यांच्या बाजूनं गेलो. डब्यांतून भाकर आणि मिरचीचा ठेचा. कुठे कुठे कांदा.

"वरण नाही आनत का, बाई?" मी विचारलं.

एक म्हातारी हसली. "वरन बापलेकाइले राह्यते, साहेब. आमाले वास हाये न दिवसभर."

बाकीच्या बायाही हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्या डब्यात त्या दिवशीसुद्धा घट्ट वरण होतं. मी ते उघडलं आणि तसंच झाकून ठेवलं. त्यानं कोणाच्या पोटात काही गेलं नाही, हेही मला कळत होतं.

त्या संध्याकाळी मी घरी सांगितलं की उद्यापासून पहिलं वाढप तिचं, तळातून. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिनं हातातली सुपारी खाली ठेवली.

"बाई मानूस पह्यले जेवते काय कुठी? अन् मानसं तोंड पाहत बसतीन?"

"मंग सगळे संगच बसू."

"वाढीन कोन?"

"मी वाढतो."

"बाप्पा!" आई म्हणाली. "आमच्या सासूनं तं गंजाले फक्त कुलूप लावाचं बाकी ठेवलं होतं. आमी मेलो का?"

मी तिच्या काडीसारख्या मनगटांकडे पाहिलं.

पण खरी अडचण पहिल्याच जेवणात आली. मी पळी तळाला घालून बायकोच्या वाटीत घट्ट डाळ वाढली. तिनं एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्याला उठून मोरीकडे धावली. मला वाटलं रागानं. ती तोंड धुऊन आली, डोळ्यांत पाणी.

"गिळत नाही," ती म्हणाली. "लगदा वाटते तोंडात. नाही खाल्लं न मी असं कधी."

माझ्या सगळ्या आयुष्यात मला कशाची इतकी शिसारी आली नसेल. मी जे वरचं पाणी पाहून तोंड वाकडं करत होतो तेच तिच्या जिभेचं अन्न झालं होतं, आणि अन्न होतं ते तिला ओकारी आणत होतं. याची घट मी कोणत्या रकान्यात लिहिणार होतो?

मुलगा ताटावर बसला होता. तो वाटीतली डाळ बोटानं इकडेतिकडे करत राहिला. मग म्हणाला, "माह्या अंड्यातलं पिवळं... आई, ते तू मांजरीले देते, त्याच्यात अर्ध्याच्या जवळ प्रोटीन राह्यते. मी सांगतलंच नाही कधी."

तोडगा काढला तो आईनं. दोन दिवस ती आमच्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी मी गंजाजवळ पळी घेऊन उभा होतो, तेव्हा ती आतून रवी घेऊन आली, ताक घुसळायची लाकडी रवी. मला म्हणाली, "सरक." आणि गंजातलं वरण घुसळायला लागली. पाणी आणि डाळ एक झाली. तळ राहिला नाही, वर राहिलं नाही.

"आता कोनालेबी वाढ," ती म्हणाली. "पह्यले वाढ का मागून वाढ, येकच हाये. भांडन नको घरात." आणि मग सुनेकडे न पाहता, "हिचं ऑपरेशन नाही झालं तं माह्या तोंडात कोन घास घालीन?"

"तुमालेच पह्यले वाढतो न, आत्या," बायको सासूला म्हणाली.

"वाढ. पन तू बी बस."

घोटलेलं वरण मध्यम पातळ होतं. बायकोच्या घशाखाली ते गेलं. माझ्या वाटीत तेच आलं. मला ते बेचव, पाणचट लागलं. विनोद तोंडात आला होता, तो मी भातासोबत गिळला.

घट्ट डाळ तिला चालत नव्हती म्हणून बाकीचं वाढवलं. हंगाम चालू होता, बाभुळगावच्या बाजूनं येणाऱ्या गाड्यांत ओल्या तुरीच्या शेंगा मिळत. त्यांचे हिरवे दाणे, म्हणजे सोले, वाटून भाजी. सकाळी फुटाणे मूठभर, वजन करून चाळीस ग्रॅम. शेंगदाण्याचा कूट. अंड्याची बुर्जी, पांढऱ्यापिवळ्यासकट. सोयाबीनच्या वड्या मी आणल्या होत्या, भिजवल्यावर त्यांना ओल्या गोणपाटाचा वास आला आणि त्या सगळ्यांनी एकमतानं गायीला घातल्या. दूध मुलानं सोडलं, पावडर पाण्यात घ्यायला लागला, नाक धरून. उपासांचं डॉक्टरीणबाईंनी मिटवलं. बायको "देवाचं" असं म्हणू लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "देवाला माझ्या नावानं सांगा, ऑपरेशनपर्यंत सुट्टी दिली आहे." तिनं चतुर्थी तेवढी ठेवली, दूध-शेंगदाण्यावर.

मी आता कागद लिहीत नव्हतो. ताटं तोलत होतो. तिला ते आवडत नव्हतं आणि ती ते रोज सांगत होती.

पहिले सहा आठवडे संपले तेव्हा अल्ब्युमिन दोन पॉइंट नऊ होतं. माझ्या खोट्या कागदानं त्यातले तीन आठवडे खाल्ले होते. मधल्या पाळीला इतकं रक्त गेलं की दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. त्या दिवशी दवाखान्यात तिचे ओठ पांढरे झाले होते आणि मी खुर्चीवर बसून तीन आठवडे गुणिले तीस ग्रॅम करत होतो. सहाशे तीस ग्रॅम. एवढं मी आणि माझ्या मुलानं तिच्या तोंडचं खाल्लं होतं, आम्हाला गरज नसताना, तिच्या औषधाच्या नावानं आणलेल्या डाळीतून आणि अंड्यांतून. मागच्या चोवीस वर्षांचा गुणाकार मी केला नाही. करता येतो.

तीन पॉइंट तीनवर बाई म्हणाल्या, आता आणखी थांबणं जास्त धोक्याचं. ऑपरेशन झालं. नीट झालं. नवव्या दिवशी टाके काढले तेव्हा सगळी रेघ जुळलेली होती, फक्त डावा कोपरा उघडा राहिला. दोन सेंटिमीटर. त्यातून पिवळसर पाणी येत होतं.

"घाबरण्यासारखं नाही," बाई म्हणाल्या. "प्रोटीन पूर्ण भरून आलं असतं तर हाही मिटला असता. आता रोज पट्टी, आणि जेवण तसंच चालू ठेवा. हळूहळू भरेल."

पट्टी मी करायचो. तिला पोटाचा तो भाग दिसत नव्हता आणि आईचे हात थरथरतात. सकाळी मिलला जायच्या आधी हात धुवायचे, जखमेवरची जुनी गॉजची जाळी हळूच सोडवायची, सलाइननं धुवायचं, नवी ठेवायची. सुटलेल्या जाळीला वास असायचा, साचलेल्या पाण्यासारखा आंबूस. पहिल्या दिवशी मी श्वास रोखून काम केलं आणि झाल्यावर प्लास्टिकची मोजपट्टी लावून लांबी मोजली. रोज मोजायचो. दोन सेंटिमीटर. दोनच. एक पॉइंट नऊ. चार दिवस काही हललं नाही. मग एक पॉइंट सहा.

पट्टीच्या सतराव्या दिवशी तिनं विचारलं, "किती राह्यलं?"

"चार मिलिमीटर."

"मंग एवढ्याशासाठी रोज नाक कायले मुरडता?"

"नाक नाही मुरडत. मोजून राह्यलो."

"मुरडता. मी पाहतो न वरून." ती उशीवर मान टेकून छताकडे पाहत होती. "मुरडा. पन करत राहा."

मी जाळी ठेवली, चिकटपट्टी दाबली आणि हात धुवायला मोरीवर गेलो. आतून तिनं आईला हाक मारून सांगितलं की आज सोल्यांची भाजी आहे आणि आपल्या ताटात जरा जास्त वाढा, भूक लागली आहे. चोवीस वर्षांत असं वाक्य मी त्या घरात तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.